एका मशीनवर सहा स्पीकर

२ मार्च २०२५, रविवार. नोव्हाय

आज या घरात माझा आवाज परत आला.

तीन वर्षं झाली आम्हाला मिशिगनमध्ये येऊन. कामठीच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होतो, पण ती नोकरी. आयुष्य खर्ची घातलं ते बोलण्यात. चाळीस वर्षं गोंदियापासून पुसदपर्यंत सभा केल्या. डिसेंबरच्या थंडीत एकदा दोन तास चाळीस मिनिटं बोललो आणि मैदानातून एक माणूस उठला नाही. (शोभनाचं म्हणणं, लोक ट्रकने आले होते आणि ट्रक सभेनंतर सुटणार होता. शोभना माझी पत्नी. समतेची सुरुवात घरातून व्हावी म्हणून मी तिला नावाने हाक मारतो. ती मला ‘अहो’ म्हणते.)

इथे लेक उपासना, जावई प्रितम, दोघेही मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. नात सई चौदा वर्षांची. घरात माणसं पाच आणि हेडफोन सात. माणसाने माणसाचं ऐकू नये यासाठी जगात इतका खर्च यापूर्वी कुणी केला नसेल.

शेजारचा म्हातारा कोवाल्स्की घर विकून फ्लोरिडाला चालला आहे. त्याने जाता जाता आपला जुना ॲम्प्लिफायर मला दिला. १९७४ सालचा, जपानी, लाकडी पेटीतला. पुढे काचेच्या आत दोन काटे आहेत, आवाज झाला की नाचतात. सोबत लहान कपाटाएवढे दोन स्पीकर. आणि खालच्या कोपऱ्यात माइकचं भोक! ते पाहिलं आणि माझा निर्णय झाला. सगळं बेसमेंटमध्ये मांडलं, माइक जोडला आणि म्हणालो, ‘बंधू-भगिनींनो.’ दोन्ही काटे ताडकन उभे राहिले. तीन वर्षांत माझ्या शब्दाला कुणी इतका मान दिला नव्हता.

१९ एप्रिलला आमच्या मंडळाचा जयंतीचा कार्यक्रम आहे आणि या वर्षी प्रथमच त्यांनी मला बोलावलं आहे. अध्यक्ष स्वानंदी मेश्राम, वय पस्तीस. फोनवर म्हणाली, ‘काका, जय भीम. तुमच्यासाठी आठ मिनिटं ठेवली आहेत.’ बहुधा प्रास्ताविकाबद्दल बोलत असावी.

उद्यापासून रोज सकाळी साडेआठला मशीनवर तालीम. घरच्यांनाही लाभ होईल.

४ मार्च, मंगळवार

बेसमेंटमधले दोन स्पीकर भिंतीलाच व्याख्यान देतात. विचार बंदिस्त राहून चालत नाही. कामठीचा मशीनवाला गुलाब आठवला. एका मशीनवर सोळा भोंगे! मैदानापासून रेल्वे फाटकापर्यंत वायरीला वायर पिळत जायचा. त्याचं मशीन कधी तक्रार करत नसे.

जुन्या वस्तूंच्या दुकानातून चार स्पीकर आणले. एक स्वयंपाकघरात, एक उपासनाच्या कामाच्या खोलीत, एक सईच्या खोलीत, एक गॅरेजमध्ये. मागच्या दोन खिळ्यांवर सगळ्यांच्या वायरी पिळून बांधल्या. गॅरेजमधला प्रितमने स्वतःकडे घेतला. ‘बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका. तुमची वायर दारापर्यंत आणून ठेवा, पुढचं मी बघतो.’ गुणी मुलगा आहे.

६ मार्च, गुरुवार

संकट. अकराव्या मिनिटाला मशीनमधून ‘टक्क’ असा आवाज झाला आणि सगळं बंद. वर हात ठेवला तर तवा. तापलेल्या धुळीचा वास. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झालं, पुन्हा अकरा मिनिटं, पुन्हा टक्क.

आणि बंद पडलं ते नेमकं वाचनालयाच्या प्रसंगावर. ती माझ्या भाषणाची नाडी आहे. १९८३ साली आमच्या वस्तीत सम्यक वाचनालय उभं राहिलं तेव्हा कुणाच्या खिशात काही नव्हतं. मी सभेत आवाहन केलं. वस्तीतल्या बायका रोजच्या दाण्यातून एक मूठ तांदूळ बाजूला ठेवू लागल्या. आठवड्याला ते गोळा करून विकायचं आणि पुस्तक घ्यायचं. पहिली एकशे चाळीस पुस्तकं त्या मुठींतून आली. त्या पुस्तकांवर शिकलेली पोरं आज डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत, इथे नोव्हायमध्ये आहेत. हे सांगताना आजही माझा आवाज भरतो. आज काटे लाल पट्ट्यात गेले होते.

मी मशीनवर वाकलेलो असताना शोभना कणकेचे हात घेऊन खाली आली.

‘अहो, ते तांदळाचं तुम्ही सांगता ना—’

‘नंतर, शोभना. मशीन तापलंय.’

‘मशीनच ना?’ म्हणाली आणि वर गेली.

संध्याकाळी प्रितम आल्या आल्या म्हणाला, ‘आजचं जबरदस्त होतं, बाबा. शेवट तर काय घेतलात!’ आज शेवट नव्हताच. पण अपुरेपणातही शेवट शोधणारा रसिक मला जावई म्हणून लाभला, हे खरं.

७ मार्च, शुक्रवार

गुन्हेगार सापडला. शोभनाने मशीनसाठी क्रोशाचं कव्हर विणलं होतं, मरून धाग्याचं, कडेला झालर. मी ते काढून हातात घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर स्पष्ट बोललो. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. वस्तू मिळायला आपल्याला पिढ्या लागल्या म्हणून आपण त्या वापरत नाही, जपतो. झाकलेल्या वस्तूला श्वास नसतो, तसा झाकलेल्या विचारालाही नसतो!

‘झालं?’ शोभना म्हणाली. ‘द्या इकडे.’ कव्हर एअर फ्रायरवर गेलं.

लगेच कव्हराविना चालवून पाहिलं. अकरा मिनिटं.

११ मार्च, मंगळवार

यश! मशीनखाली स्टीलच्या चार वाट्या पालथ्या ठेवल्या, म्हणजे खालून हवा खेळते. आज चौदा मिनिटं चाललं. शास्त्रीय दृष्टी म्हणजे वेगळं काय असतं? निरीक्षण, तर्क, प्रयोग.

सई रविवारी कुरकुरत होती. ‘आबा, प्लीज. इट्स लाइक समवन लिव्ह्ज इन माय वॉल.’ मी तिला समजावलं की महान माणसांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला आहे. तिला पटलं असावं. आज तिला शाळेला सुट्टी होती आणि व्याख्यान चालू असताना तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. नंतर विचारलं, आज ऐकलंस ना?

‘या, या. सो इन्स्पायरिंग.’

मुलांना वेळ द्यावा लागतो.

१३ मार्च, गुरुवार

उपासना बेसमेंटमध्ये आली ती रागातच.

‘बाबा, माझी टीम मीटिंग चालू होती. अकरा लोकांनी ऐकलं. मॅनेजर विचारतो, हू इज शाउटिंग?’

‘मग सांगायचं होतंस.’

‘काय सांगू?’

‘विषय सांगायचा. शिक्षण आणि सामाजिक लोकशाही.’

ती माझ्या टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून वर गेली. खुर्ची ढिली झाली असेल.

१४ मार्च, शुक्रवार

एकोणीस मिनिटं! काल दुपारी प्रितमचं पानं उडवायचं यंत्र आणून मशीनच्या आतली पन्नास वर्षांची धूळ उडवली. ती सगळी कपडे धुण्याच्या मशीनवर बसली, त्यावरून थोडी बोलणी खाल्ली, पण परिणाम समोर आहे. वाट्या आणि धूळ मिळून आठ मिनिटांचा फायदा.

१८ मार्च, मंगळवार

एक गोष्ट लक्षात आली आहे. उपासनाने गेल्या वर्षी शोभनाला कानाची यंत्रं घेऊन दिली. ती गेला आठवडाभर रोज सकाळी बरोबर आठ पंचवीसला काढते आणि चार्जिंगच्या डबीत ठेवते.

मी म्हणालो, ‘रात्रभर चार्ज होतात ना?’

‘होतात. पण इथली वीज एकशे दहाची. आपल्याकडे दोनशे वीस. म्हणून दोनदा लावावं लागतं.’

मी चमकलो. बाईने किती मोलाचा मुद्दा सांगितला! मशीन जपानी, वीज अमेरिकन. दोष दाबात असणार. शोभना शास्त्र शिकली असती तर कुठे पोचली असती. आपल्या समाजाने स्त्रियांचं किती नुकसान केलं आहे, यावर उद्या बोलेन. स्वयंपाकघरातल्या स्पीकरचा आवाज थोडा वाढवून ठेवतो.

२२ मार्च, शनिवार

विजेच्या मुद्द्यावर तज्ज्ञ हवा म्हणून प्रितमने त्याच्या ऑफिसातल्या गिरीशकडे नेलं. गिरीश पुण्याचा, विजेवरच्या मोटारींचं काम करतो आणि हौसेने जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. त्याच्या बेसमेंटमध्ये अशी सहा मशीनं आहेत. माणूस हुशार आहे, पण बोलत नाही. पुण्याचा असून बोलत नाही म्हणजे काही आजार असावा.

त्याने झाकण काढलं, तपासलं, आतल्या दोन-तीन ठिकाणी मीटरच्या सुया टेकवल्या.

‘काका, याला काही झालेलं नाही. घरी किती स्पीकर—’

मी त्याला थांबवून आधी पार्श्वभूमी सांगितली. ती सांगितल्याशिवाय निदान कसं होणार? कोवाल्स्की, कव्हर, वाट्या, एकशे दहा.

‘विजेचं काही नाही. फक्त स्पीकर तुम्ही—’

स्पीकर म्हणताच मला वक्त्यांच्या ऱ्हासाबद्दल बोलावंसं वाटलं आणि मी बोललो. तो मशीनमध्ये डोकं घालून ऐकत होता. आपले दोन स्पीकर लावून त्याने तीन तास मशीन चालवलं. गार. हात ठेवून पाहिलं, खरंच गार. मी तिन्ही तास बोललो, मीही ताजातवाना.

निघताना म्हणाला, ‘काका, एक काम करा. घरी जोडलं की मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा. मागच्या.’

२३ मार्च, रविवार

घरी पुन्हा एकोणीस मिनिटं, आणि टक्क.

म्हणजे हे मशीन घराबाहेर निरोगी असतं आणि घरात आजारी पडतं. यावर विचार करत बसलो होतो. परदेशात मुलांकडे आलेल्या माणसांचं नेमकं उलटं होतं, असा एक चांगला मुद्दा सुचला, पण तो इथे लागू कसा करावा ते कळलं नाही.

गिरीशला फोटो पाठवला. सईने काढला, हातात माइक घेऊन मशीनशेजारी उभा आहे. त्याचं उत्तर आलं, ‘छान. पण मागून हवा होता.’ माझी पाठ पाहून त्याला काय करायचं आहे?

२९ मार्च, शनिवार

स्वानंदी घरी आली होती. कार्यक्रमपत्रिका ठरवायची म्हणून. तरतरीत मुलगी. मी तिला मशीन दाखवलं आणि काहीही लपवलं नाही. सार्वजनिक जीवनात पारदर्शकता हवी.

‘म्हणजे आपोआप बंद पडतं?’ तिने विचारलं.

‘आपोआप. जास्त तापलं की स्वतःला वाचवतं.’

‘साधारण किती मिनिटांनी, काका?’

‘सुरुवातीला अकरा.’

‘अकरा!’ ती उभीच राहिली. ‘परफेक्ट. तीन माझी, आठ… काका, आम्हाला हॉलमध्ये हेच मशीन हवं. हॉलची सिस्टीम नकोच. किती सुंदर आहे हे!’

मला भरून आलं. नव्या पिढीला जुन्याची कदर नाही असं कोण म्हणतं?

‘आता सुधारणा झाली आहे,’ मी म्हणालो. ‘एकोणीस मिनिटं चालतं.’

तिचा चेहरा पडला. इतक्या सुंदर वस्तूत अजूनही दोष आहे याचं तिला वाईट वाटलं असणार. ‘अजून दुरुस्त करू नका हं, काका,’ म्हणाली. ‘अशा वस्तू ओरिजिनल कंडिशनमध्येच छान वाटतात.’

भाषण बावीस पानांचं झालं आहे. शोभनाने विचारलं, ‘वाचनालयाचं कितव्या पानावर आहे?’ म्हटलं, चौथ्या. ‘तांदूळच लिहिलंय?’ म्हटलं, मग काय लिहू? पण तेवढ्यात मला सतराव्या पानासाठी एक वाक्य सुचलं आणि मी खाली आलो.

५ एप्रिल, शनिवार

लिहू की नको, असा विचार करत होतो. पण ज्या वहीत खोटं लिहायचं ती वही कशाला ठेवायची?

गिरीश स्वतःच आला. घरात शोभना आणि मीच होतो, बाकीचे न्यू जर्सीत आयसेलिनला एका लग्नाला गेलेत. त्याने मशीन वळवून पाठ पाहिली आणि शेवयांसारख्या वायरी पाहून खाली बसला.

‘काका, हे काय?’

‘सहा स्पीकर. कामठीला एका मशीनवर सोळा भोंगे चालायचे.’

‘ते मशीन वेगळं, काका. सभेसाठीच बनवलेलं. तिथे प्रत्येक भोंग्यामागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, भार झेपेल इतकाच मशीनवर येतो. हे घरगुती आहे. दोन स्पीकरसाठी. तुम्ही सहा बांधलेत, ते सगळे मिळून याला ओढतात. तापणारच. मी हेच विचारत होतो तुम्हाला, त्या दिवशी तीनदा.’

मग त्यानेच डोकं खाजवलं.

‘पण सहा असताना एकोणीस मिनिटं शक्यच नाही. थांबा.’

तो वायरींच्या मागोमाग घरभर फिरला. मी त्याच्या मागोमाग. गॅरेजच्या दाराशी माझी वायर वेटोळं करून ठेवलेली होती, जशी मी मार्चमध्ये ठेवली होती. स्पीकर भिंतीवर कुठेच नव्हता. बर्फ काढायच्या फावड्यामागे खोक्यात होता, खोक्याची चिकटपट्टीही निघालेली नव्हती. सईच्या खोलीत वायर स्पीकरमधून काढून टोकांना व्यवस्थित टेप लावलेली, वर फुलपाखराचं स्टिकर. उपासनाच्या खोलीत स्क्रू सोडवून स्पीकर खणात, वायर गालिच्याखाली.

गिरीश स्विच तपासल्यासारखं करत भिंतीकडे बघत राहिला. भला माणूस आहे.

‘म्हणजे वाट्यांनी नाही,’ मी म्हणालो.

‘नाही, काका.’

‘धूळ?’

‘नाही.’

शेवटी स्वयंपाकघर. तिथली वायर जागेवर होती, घट्ट. स्पीकर चालू. शोभनाने त्यावर कोथिंबिरीची पेंडी ठेवली होती, पण जोडलेला होता.

गिरीशने चहा घेतला नाही.

७ एप्रिल, सोमवार

आज बोललो नाही. कुणाला काही विचारलंही नाही.

संध्याकाळी प्रितम ऑफिसातून आला. ‘आजचं जबरदस्त होतं, बाबा.’

८ एप्रिल, मंगळवार

आजही नाही. साडेआठला बेसमेंटमध्ये बसून होतो, मशीन बंद. चाळीस वर्षांतल्या सभा आठवत होतो. तो ट्रक किती वाजता सुटणार होता, हे त्या दिवशी मला ठाऊक होतं का? आठवून पाहिलं. ठाऊक होतं.

मग स्वतःला समजावलं. पाच जणांच्या घरात एक तरी ऐकणारं होतं. कोथिंबीर ठेवली असेल, पण वायर काढली नाही. सात आठवडे… नाही, पाच आठवडे, रोज, एकटी ऐकत होती.

पावणेनऊला ती खाली आली. कानाची यंत्रं हातातल्या डबीत.

‘आज काय झालं? कालही काटे हलले नाहीत म्हणे. उपासना सांगत होती.’

‘मशीन बरं नाही,’ मी मोठ्याने म्हणालो, कारण यंत्रं डबीत होती.

‘आणि तुम्ही?’

मी काट्यांवरची काच पुसली. ती पायरीवर बसली. काहीतरी सांगायला आल्यासारखी वाटली. पण सांगणाऱ्याला विचारावं लागतं, हे मला ती वर गेल्यावर सुचलं.

१३ एप्रिल, रविवार

गिरीशने सांगितल्याप्रमाणे फक्त दोन स्पीकर ठेवले, दोन्ही बेसमेंटमधले. बावीसच्या बावीस पानं वाचली. एक तास पन्नास मिनिटं. मशीन गार. ऐकायला मी.

बंद करताना कळलं की या यंत्राचा हिशेब अगदी सरळ आहे. दोन स्पीकरना ते हवा तितका वेळ ऐकवेल. सहांना अकरा मिनिटं. थोड्यांना पुष्कळ, नाहीतर पुष्कळांना थोडं. दोन्ही मागितलं की तापतं.

हे मशीन जपानमध्ये बनलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि दोन्ही मागत होतो.

१९ एप्रिल, शनिवार. रात्रीची जेवणं झाल्यावर

हॉल लांबलचक. दोनशे माणसं. मागच्या बाजूला जेवणाची टेबलं, तिथे मुलांचा घोळका. माझे दोन स्पीकर मंचाच्या दोन बाजूंना. गिरीशने जोडून दिले आणि म्हणाला, ‘काका, आता संध्याकाळपर्यंत बोला.’

स्वानंदी आली. हॉलचे चार स्पीकर मागच्या भिंतीशी पडले होते, त्यांकडे बोट दाखवून म्हणाली, ‘काका, मागे मुलांना काही ऐकू येणार नाही. हेही जोडायचे का?’

‘नको,’ गिरीश म्हणाला. ‘दहा-अकरा मिनिटांत बसेल.’

स्वानंदी जमिनीकडे बघत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि मला २९ मार्चचं तिचं सगळं बोलणं पहिल्यापासून ऐकू आलं. तीन माझी, आठ.

राग आला. खोटं कशाला लिहू, फार राग आला. चाळीस वर्षं ज्याने मैदानं गाजवली त्याला एका बटणाने गप्प करायचं? बावीस पानं हातात घट्ट धरली. मग मागे पाहिलं. सई तिच्या मैत्रिणींबरोबर समोशांच्या टेबलापाशी उभी होती. आज तिच्या कानांत काहीही नव्हतं. तिथपर्यंत माझे दोन स्पीकर पोचणार नव्हते.

‘वायर आण,’ मी गिरीशला म्हणालो.

‘काका, मी सांगितलं ना—’

‘ऐकलं मी. या वेळी ऐकलं. आण.’

चारही स्पीकर मी माझ्या हाताने जोडले. पिळून, गुलाबसारखे.

स्वानंदीने माझी ओळख दोन मिनिटांत आटोपली, एक मिनिट मला सोडलं. मुलगी वाईट नाही. मी उभा राहिलो आणि पहिली तीन पानं उलटी करून ठेवली. मान्यवर, विचारपीठ, इतिहासाचा आढावा, सगळं गेलं. सरळ वाचनालय. पत्र्याची खोली, एक कंदील, एकशे चाळीस पुस्तकं, आणि ती कुठून आली. मी हळू बोलत होतो, मला घड्याळ दिसत होतं. मागच्या टेबलाशी प्लेटांचा आवाज थांबला. म्हणालो, ‘आज तुमच्या घरांत कितीतरी पुस्तकं आहेत आणि ती कुणी उघडत नाही. तुमच्या दारांत दोन-दोन गाड्या आहेत आणि शेजारच्या दारातला आपलाच माणूस तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही इथवर विमानाने आलात असं तुम्हाला वाटतं. नाही! तुम्ही इथवर आलात ते…’

टक्क.

आणि मग टाळ्या. दोनशे माणसं उभी राहिली. वाक्य अर्धं राहिलं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाटलं, उत्तर मी त्यांच्यावर सोपवलं. स्वानंदी डोळे पुसत होती. प्रितम ओरडला, ‘काय शेवट घेतलात, बाबा!’ आणि या वेळी तो खरं बोलत होता.

फक्त शोभना टाळ्या वाजवत नव्हती. पहिल्या रांगेत बसली होती. मी बोलायला उठलो तेव्हा तिने पर्समधून डबी काढून दोन्ही यंत्रं कानांत घातली होती, हे मी पाहिलं होतं. आता एक हात कानाशी नेऊन माझ्याकडे बघत बसली होती. तिचं चार्जिंग उतरलं असावं. इथली वीजच हलकी.

२० एप्रिल, रविवार

सकाळी साडेआठला बेसमेंटमध्ये गेलो नाही. स्वयंपाकघरात बसलो. शोभना पोहे करत होती. यंत्रं कानांत होती.

म्हणालो, ‘काल नेमक्या वेळी तुझं चार्जिंग संपलं.’

‘चार्जिंग नव्हतं संपलं. वाक्य संपलं नव्हतं.’

मी चमच्याशी चाळा करत राहिलो.

‘पुढे काय होतं?’ तिने विचारलं. ‘इथवर आलात ते?’

‘ते आयाबायांच्या मूठ-मूठ तांदळावर.’

तिने गॅस बारीक केला. ‘ज्वारी.’

‘काय?’

‘ज्वारी होती. ८३ साली आपल्या वस्तीत तांदूळ होता कुणाकडे? सणाला आणायचे लोक. मूठ ज्वारीची असायची, कधी लाल गहू, किडलेला. मी आणि पुष्पा दर रविवारी पिशवी घेऊन तिन्ही गल्ल्या फिरायचो. निवडूनही मीच द्यायची, नाहीतर दुकानदार घेत नव्हता.’

‘तू फिरायचीस?’

‘मग कोण? तुम्ही सभेत असायचात.’

बेचाळीस वर्षं मी तांदूळ सांगत आलो. गोंदियात, पुसदला, दोन तास चाळीस मिनिटांच्या त्या सभेतही. ती पिशवी माझ्या हातात कधी नव्हती, म्हणून तीत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं.

‘शोभना, आधी का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही थांबलात कधी?’ म्हणाली आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली.

चौथ्या पानावर ‘तांदूळ’ खोडून ‘ज्वारी’ लिहिलं. मग ‘वस्तीतल्या बायका’ खोडलं आणि पेन हातात धरून तिला विचारलं, पुष्पाचं आडनाव काय होतं?